डांबर लावलेली टाकी

हे लिहायला बसताना संकोच वाटतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही फिजिक्स घेऊन. आठवणी लिहिणं हे आपलं काम नव्हे, असं अजूनही वाटतं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. काकूला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिही, पण नावं घालू नको हां आमची." म्हणून नावं नाहीत.

मोठे काका बोटीवर, इंजिनरूममध्ये कामाला. एका सुट्टीत त्यांनी जुनी गाडी घेतली. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची, गोल दिव्यांची, दार लावलं की खणकन वाजणारी. समुद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खारी हवा तिला सतत खात असते. बोटीवर जाताना काका चावी माझ्याकडे देतात आणि धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना, सांगतात, "गाडीकडे बघ." परत येतात तेव्हा काकू याच गाडीतून त्यांना आणायला रत्नागिरी स्टेशनवर जाते. गाडी मी चालवतो.

यंदाच्या थंडीत त्यांच्या बोटीशी संपर्क तुटला. कंपनीच्या ऑफिसातून एवढंच कळलं, की बोटीत बिघाड झालाय, तिकडे वादळ आहे, काही समजलं की फोन करू. मग फोन येईना. काकू जेवायला बसली तरी मोबाईल ताटाशेजारी. बाबा एरवी जेटीवर होड्या दुरुस्त करायला जातात, ते घरीच थांबू लागले.

त्याच बोटीवरच्या एका माणसाचं घर संगमेश्वरला आहे. त्यांना काही कळलंय का ते विचारायला मी काकूला गाडीतून घेऊन गेलो. त्यांनाही काही कळलं नव्हतं. परतताना, जिथे मोबाईलला रेंज नाही अशा उतारावर, गाडी दोन आचके देऊन बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. पेट्रोलचा काटा बरेच दिवस तळाला पडून होता; टाकी भरा नाहीतर रिकामी ठेवा, तो हलत नसे. मी अंदाजाने पेट्रोल घालत होतो. तो अंदाज चुकला.

एका टेम्पोवाल्याने कॅनमधून पेट्रोल आणून देईपर्यंत काकू रस्त्याच्या कडेला मोबाईल डोक्यावर उंच धरून उभी होती. मी म्हटलं, "काकू, बस जरा आत."

"आणि एवढ्यात फोन आला तर?"

घरी आल्यावर तिने बाबांना सांगितलं, "भावोजी, हे जिथे उतरतील तिथे मी ह्याच गाडीतून जायची. मुंबई म्हणतील तर मुंबई. पण काटा आधी नीट करा. मला परत तसं उभं राहायला लावू नका."

बाबा म्हणाले, "वहिनी, काटा मेलाय. भंगारातून दुसरा आणतो."

मला वाटत होतं, आधी तपासावं. पण त्या दिवसांत बाबांना काही सांगायची भीती वाटायची. ते कुणाशी धड बोलत नव्हते. शेवटी मी चाचरत म्हटलं, "बाबा, दोष काट्यात आहे की टाकीत, ते आधी बघूया?"

"कॉलेजात शिकवलानी काय हे?"

"हो. म्हणजे, थोडंसं."

"मग बघ थोडंसं."

इंजिनाच्या तापमानाचा काटा नीट चालत होता. दोन्ही काट्यांना वीज एकाच फ्यूजमधून येते, म्हणजे फ्यूज शाबूत होता. डिकीत टाकीच्या वरच्या बाजूला फ्लोट बसवलेला असतो. पेट्रोलवर तो तरंगतो आणि पातळी किती ते काट्याला कळवतो. त्याची वायर मी सोडवली. बाबा बिडी ओढत वाकून बघत होते.

"बाबा, बिडी!"

त्यांनी ती लांब अंगणात भिरकावली आणि पुढे स्टिअरिंगपाशी जाऊन बसले. चावी फिरवली. मी डिकीचं झाकण उघडं ठेवून वास जाऊ दिला, मग वायर लांब ओढून गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकवली.

"उठला!" बाबा ओरडले. "अरे, पार वर गेला!"

काकू स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, फोन. आम्हाला दोघांनाही तिच्याकडे बघवेना.

काटा आणि वायर दोन्ही ठीक होते. "म्हणजे फ्लोट गेला," बाबा म्हणाले आणि पाना शोधू लागले. पण मला आणखी एक शंका होती. फ्लोटमधून आलेली वीज टाकीच्या पत्र्यातून गाडीच्या सांगाड्यात परत जायला हवी. तो रस्ताच बंद असेल तर? वायर पुन्हा जागेवर लावली. वेगळी एक वायर घेतली, तिचं एक टोक सांगाड्याला घट्ट बांधलं, मग दुसरं फ्लोटच्या वरच्या धातूच्या झाकणाच्या कडेवर दाबून धरलं. काटा सावकाश वर आला आणि पाव टाकीच्या खुणेपाशी थांबला. टाकीत साधारण तेवढंच पेट्रोल होतं.

मी गाडीखाली शिरलो. टाकी काळीभोर, गुळगुळीत होती. पावसाळा संपल्यावर बाबांनी टाकी उतरवून तिला डांबर लावलं होतं, होडीच्या तळाला लावतात तसं. टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या आतून, बोल्टांच्या खालून, बोटभरसुद्धा जागा सोडली नव्हती. विजेला जायला फट उरली नव्हती.

मी खालीच पडून राहिलो. काकांची काही बातमी नाही, अशा वेळी बाबांना हे कसं सांगायचं?

"काय झालं रे? झोपलास?"

"बाबा, डांबरामुळे झालंय."

बाबांनी गुडघ्यांवर बसून खाली डोकावलं. "म्हणजे मी केलं."

"तसं नाही. डांबर नसतं तर टाकी गंजून गेली असती, तुम्ही उलट—"

"लोणी लावू नको. दादाने बघ म्हणून सांगितलंन आणि मी हे असं बघितलं." त्यांनी बाह्या वर सारल्या. "कुठलं काढू तेवढं सांग."

मी पट्टीजवळची जागा दाखवली. होडीचा तळ खरवडायचं पातं आणून ते माझ्या शेजारी पाठीवर आडवे झाले. डांबर चेहऱ्यावर पडत होतं. मी म्हटलं, "द्या, मी खरवडतो." त्यांनी पातं सोडलं नाही. खालचा पत्रा चमकू लागला तरी ते खरवडतच होते.

तेवढ्यात पडवीत फोन वाजला.

काकू फोन हातात घेऊन अंगणात आली. नंबर अनोळखी होता. इतके दिवस तिने फोन क्षणभर खाली ठेवला नव्हता, पण आता तिला तो उचलवेना. मी गाडीखालून बाहेर आलो, तसा तिने तो माझ्यासमोर धरला. माझे हात काळे होते. मी तसाच घेतला.

पलीकडचा माणूस कंपनीतून बोलत होता. तो हिंदीत भराभर सांगत होता, आणि मी एकेक वाक्य मोठ्याने मराठीत म्हणत गेलो, म्हणजे काकूलाही कळेल आणि गाडीखाली बाबांनाही. बोट ओढून बंदरात आणली आहे. इंजिनरूममध्ये आग लागली होती. माणसं सगळी उतरली आहेत. आपल्या काकांचे हात भाजलेत, ते तिथल्या हॉस्पिटलात आहेत, शुद्धीवर आहेत, आणि त्यांनी घरी कळवायला सांगितलंय, की मी येतोय.