तय्यब मिस्त्रीचा गुण्या

पहाटे साडेचारला तय्यब मिस्त्री उठायचा. नमाज, चहा, मग जुन्नरहून घोडेगावकडची पहिली एसटी. आठला कामावर हजर. मी त्याच्या हाताखाली बारा वर्षं माल कालवला. त्याला उशीर झालेला दोनदाच पाहिला, आणि दोन्ही वेळा एसटी बंद पडली होती.

मागच्या डिसेंबरात घोडेगावच्या पुढे एका वाडीच्या शाळेत पाण्याच्या टाकीसाठी ओटा बांधायचं काम निघालं. चौथीच्या प्राची मॅडम म्हणाल्या, आखणी पोरांना करू द्या, काटकोन वहीत काढून झालाय, आता जमिनीवर काढू देत. तय्यबला ते पसंत नव्हतं. ओटा वाकडा झाला तर नाव मिस्त्रीचं जातं, पोरांचं नाही. शेवटी ठरलं, मधल्या सुट्टीपर्यंत कोपरा काटकोनात बसला तर पोरांची आखणी ठेवायची. नाहीतर पोरं वर्गात आणि आखणी त्याची.

"चला, आधी गुण्या आणा," तो म्हणाला.

पोरं एकमेकांकडे बघू लागली. पप्पू म्हणाला, "चाचा, गुण्या आज आला नाय. त्याची आजी आजारी हाय."

मॅडम तोंड फिरवून हसल्या. तय्यबनं पिशवीतून लोखंडी काटकोन काढून दाखवला. "ह्यो गुण्या. ह्यो रोज येतो."

मग त्यानं रीत सांगितली. कोपऱ्यात खुंटी ठोकायची, तिथून दोन बाजूंना दोऱ्या ताणायच्या. एकीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर पाच फूट भरलं की काटकोन झाला. पोरांनी तय्यबच्याच टेपनं मोजलं. पाच फूट भरले. तय्यबनं गुण्या टेकवला. एका बाजूला अर्ध्या बोटाची फट.

"एवढं चालतंय की, चाचा," पप्पू म्हणाला.

"चालतो तो बैल. काम बसावं लागतं." त्यानं खुंट्या उपटल्या.

दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच. खिचडीचा वास यायला लागला. पोरांचे चेहरे उतरले, एकेक जण उठायला लागला. तय्यब स्वतःची दोरी सोडवायला लागला होता.

संस्कृती नावाची मुलगी तेवढी उठली नाही. तिनं दप्तरातली पट्टी काढून टोकाला टोक लावून टेपशेजारी ठेवली. पट्टीचे बारा इंच टेपवर तेराच्या आकड्यापाशी पोचले. तिनं टेपचं टोक बघितलं.

"चाचा, तुमच्या टेपात पहिला इंचच नाय."

तो कधीचाच तुटला होता. तय्यब सवयीनं प्रत्येक मापात एक इंच वाढवून धरायचा. मलाही ते पाठ होतं. पोरांना सांगायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

तय्यबनं हातातली दोरी खाली ठेवली. मग सगळ्या वर्गासमोर म्हणाला, "तुमी बरोबर व्हता. चूक मिस्त्रीची."

इंच वाढवून चौथ्यांदा आखलं. गुण्या टेकवला. पप्पूनं फटीत वहीचा कागद घालून बघितला, जाईना. घंटा झाली तरी कोणी खिचडीकडे हलेना.

ओटा त्याच आखणीवर तीन दिवसांत उभा राहिला. शेवटच्या दिवसाच्या मजुरीतून तय्यबनं घोडेगावात पाच नवे टेप घेतले आणि चौथीच्या वर्गात नेऊन दिले. पाचही टेपांची टोकं त्यानं दुकानातच पट्टीला लावून तपासली होती.