अण्णांची कोरडी पायरी

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि शाळा चौथीत सुटली, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ चुकेल ते सांभाळून घ्यावं. पण राग आलाय म्हणून लिहिते. आमच्या अण्णांइतका पाण्याला छळणारा माणूस अख्ख्या बेंगळुरात सापडायचा नाही. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. हेब्बाळकडे प्रयोगशाळेत असतात. पाणी कशावर पसरावं आणि कशावरून पळावं हे ठरवायचं, तसे लेप बनवायचे, हे त्यांचं काम. ते तिथेच ठेवून घरी येतील तर अण्णा कसले. मी वड्यांसाठी अळू आणलं की अण्णा पानावर थेंब सोडून तो गोल गोल फिरवत बसणार, इकडे माझं पीठ कालवून वाळतंय. एकदा अण्णा चिकपेटच्या साडीवाल्याला न भिजणारी साडी दाखवायला गेले. त्याने तांब्याभर पाणी ओतून पाहिलं आणि विचारलं, "सरी सार, ठीक आहे, पण धुवायची कशी?" अण्णा म्हणाले, "स्वल्प थांबा, विचार चाललाय." अजून चाललाय.

तेही सोसलं. पण त्यांनी आमची दारातली दगडी पायरी लेपली, मला न विचारता. सकाळी सडा घातला तर पाण्याचे मणी होऊन गटारात पळाले. कोरड्या दगडावर रांगोळी ठरेना, पहिल्या रिक्षाच्या वाऱ्याने उडाली. मला चार माणसांत बोलता येत नाही. गल्लीत मला ओळखतात ते रांगोळीवरून. आणि आमच्याकडे सुतक असलं तरच दार रिकामं असतं. दोन दिवस पाहून समोरच्या अक्का डोळ्यांना पदर लावून आल्या. दार अण्णांनीच उघडलं. अक्का म्हणाल्या, "अय्यो, तुम्ही आहात होय. आम्हाला वाटलं, तुम्हीच."

अण्णा हसायला लागले. मी त्यांच्यासमोर कधी मान वर केली नव्हती, पण तेव्हा मी म्हणाले, "अण्णा, माझी पायरी मला परत द्या."

ते हसायचे थांबले. म्हणाले, "निघत नाही गं तो लेप. न निघण्यासाठीच वर्षं घातली मी." तरी रविवारी पॉलिश पेपर घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत पाटाएवढा चौकोन खरवडून झाला. मी पाणी शिंपडलं. ते गुमान पसरलं. अण्णा बघत राहिले, आपलंच काहीतरी पुसलं गेल्यासारखे.

आज त्या चौकोनात मी अळूचं पान काढलं, वर एक थेंब. अण्णा कामाला निघाले, थबकले, आणि रविवारपासून दुखरा झालेला गुडघा धरून, पान चुकवून, कडेने उतरले.