सावकाश गाणारी बाई

अनसिंगच्या स्टेशनरस्त्यावर जब्बारचाचांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. आता तिथं दुरुस्तीला कोण काय आणणार? तरी चाचा रोज दुकान उघडतात, बंद पडलेल्या यंत्रांवरची धूळ पुसतात आणि दारावरच्या पाटीकडं एकदा डोळे भरून बघतात. 'एकदा दुरुस्त, कायम दुरुस्त.' चाचांचा सगळा तोरा त्या पाटीत आहे. आपलं कधी काही चुकलं, हे त्यांनी आजवर कबूल केलेलं नव्हतं.

यंदा पोळा झाल्यावर अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, अमीनाचाचींचा डावा कान गेलाच आहे, उजवाही फार दिवस साथ देणार नाही. चाची रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मले ते इटलीवाली बाई एकडाव ऐकू द्या. मंग कान गेला तं गेला."

ही बाई कोण, ते सांगतो. चाळीसेक वर्षांपूर्वी, मीटरगेजच्या काळात, रेल्वेच्या एका साहेबांनी टेप दुरुस्तीला टाकला आणि बदली होऊन निघून गेले. टेप राहिला, आतली कॅसेटही राहिली. इटलीतल्या कुण्या जुन्या संगीतकाराच्या संगीत नाटकातलं गाणं होतं त्यात. चाची तेव्हा नव्या नवरी होत्या. दुकानामागंच घर, मध्ये एक पडदा. दुपारी चाचा ती कॅसेट लावायचे आणि पलीकडं चाचींचे पिठातले हात थांबायचे. शब्द एक कळत नव्हता. पण ती बाई गाऊ लागली की दुपार लांबत जायची आणि सासर परकं वाटायचं नाही, असं चाची सांगतात. पुढं फीत तुटली. कव्हर तेवढं चाचींनी दागिन्यांच्या डब्यात जपून ठेवलं.

मी निवृत्त मास्तर. खिशात मोबाईल आणि हाताशी वेळच वेळ. कव्हरवर गाणारीचं नाव पुसून गेलं होतं; गाण्याचं आणि संगीतकाराचं नाव टाकलं, तर तेच गाणं गायलेल्या अकरा बाया निघाल्या. मग आमची दुपारची बैठक सुरू झाली. दिवस कापूस वेचणीचे. रस्त्यानं गाड्या जात आणि मागं हवेत कापसाचे तंतू तरंगत राहत. चाची उजवा कान फोनला लावून डोळे मिटत. एक बाई वर चढण्याआधी हळूच श्वास घ्यायची, दुसरी तो घेतच नसे, तिसरी तिथं पोचून जरा थरथरायची. चौथीच्या गाण्यात मागं कुणीतरी खोकायचं. मला तर त्या माणसाशीही ओळख झाल्यासारखं वाटू लागलं. घरी जाताना पाय रस्त्यावर आहेत की नाहीत, कळायचं नाही.

चाची मात्र प्रत्येकीला मान हलवत. "हे नाही. हे घाई करून राह्यली. आपली बाई घाई नव्हती करत."

अकरावीही घाईचीच निघाली. तोवर फोनचा आवाज पूर्ण मोठा करावा लागत होता. चाचा चौथ्या बाईपासूनच गप्प गप्प होते. त्या दिवशी उठून निघून गेले आणि तीन दिवस दुकान बंद राहिलं.

चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. समोर साहेबांचा तोच जुना टेप, उघडा केलेला. बाजूला सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा आणि कात्री.

"मास्तर, पाटी वाचू नका आज," ते म्हणाले. "याचा कॅसेट फिरवायचा पट्टा तवा मिळाला नव्हता. मी ट्यूबची रिंग कापून बसवली. सैल पडली. टेप हळू फिरे, बाई हळू गाये. पट्टा आणून बदलणार होतो. पन अमीना पडद्याआड उभी राहे. म्हटलं, राहू द्या."

"मग इतके दिवस बोलला काहून नाही?" मला रागच आला. काखेत कळसा आणि आम्ही गावाला वळसा घालत होतो, तोही त्या बिचारीचा कान सरत असताना.

"लाज वाटली," चाचा म्हणाले. "चौथीमागचा तो खोकणारा ऐकला, तवाच वळखलं, आपली बाई हेच."

त्यांनी तशीच रिंग कापली. दुकानातल्या धड चालणाऱ्या टेपवर फोनमधली चौथी बाई भरून घेतली आणि ती कॅसेट या आळशी टेपात घातली. चाचींना आणून जवळ बसवलं, उजवा कान स्पीकरशी. गाणं सुरू झालं. आवाज जाड झाला, खाली उतरला, प्रत्येक सूर जागच्या जागी रेंगाळू लागला. तो खोकणारासुद्धा सावकाश खोकला. चाचींनी डोळे मिटले आणि पदर ओठांशी धरला.

"हेच," त्या म्हणाल्या.

चाचा त्यांच्या कानाशी वाकले. "अमीना, बाई सावकाश नव्हती. पट्टा सैल होता. मायी चूक होती ते."

"मंग सांगा," चाची डोळे न उघडता म्हणाल्या. "आधी हिचं होऊ द्या."

गाणं संपलं. चाचांनी पुन्हा तोंड उघडलं, तर चाचींनी बोटानं टेपकडं खूण केली, परत लावा.