चौकटीवरची डबी

आज सुतार चौकटीला वार्निश लावत होता, आणि त्या वासाने मी हिंदी मुलखातल्या, देवास गेटजवळच्या आमच्या जुन्या भाड्याच्या घरात पोचलो. केबल टीव्ही नुकताच आला होता, ती वर्षं.

आम्ही बेने इस्रायल, मराठी बोलणारे यहुदी. दारावर मेझुझाची डबी, आत ‘आपला देव एकच’ लिहिलेलं चर्मपत्र, देवाशी झालेल्या कराराची खूण. दारातून जाता-येता तिला हात लावून बोटं ओठांना लावायची, ही आमची रीत. घरमालकाला तो जादूटोणा वाटला; तो मला म्हणाला, “भैया, ये टोटका हटाओ, नहीं तो मकान खाली करो.”

बाबा कामावर असताना मी डबी उपटली. घर वाचवलं, असंच तेव्हा वाटलं.

संध्याकाळी सवयीने बाबांचा हात वर गेला आणि खिळ्यांच्या भोकांवर थांबला. मी घाबरत कारण सांगितलं.

“मला विचारायचंस. घर सोडलं असतं,” ते म्हणाले, आणि भोकांवरची बोटं त्यांनी ओठांना लावली.