पत्रा भिजवणारी जाऊ

माझी थोरली जाऊ नवऱ्याला आंघोळीशिवाय उंबरा ओलांडू देत नसे. मयतीहून आलेल्याला बाहेर थांबवतात, तसं. रोज कामावरून आला की भासरा, म्हणजे माझा थोरला दीर, आधी विहिरीवर. सासू कपाळ बडवायची, "जित्या माणसाले मयतीचं पाणी काऊन देऊन राह्यली वो?" जाऊ म्हणायची, "जिता राहावा म्हणूनच देऊन राह्यलो, बाई."

आमचं घर सिंदेवाहीकडचं, सुताराचं. पन्नास सालानंतर पैसेवाले लोक माकडांनी फोडलेल्या मातीच्या कवेलूंना कंटाळले आणि घरावर सिमेंटचे पत्रे घालू लागले. ते काम दोघा भावांना, भासऱ्याला आणि माझ्या नवऱ्याला, मिळालं. पत्रा करवतीनं कापला की पिठाहून बारीक भुकटी उडायची. जाऊ आरमोरीची. तिचा बाप धानाच्या गिरणीत कोंड्याची धूळ खाऊन खाऊन धाप लागून मेला होता. "कोंडा तरी दिसते. हे तं दिसतच नाई," ती म्हणायची.

भाकर घेऊन कामावर जायची ती बादलीसकट. पत्र्यावर पाणी ओतल्याशिवाय करवत लावू द्यायची नाही. भासऱ्याच्या नाकावर ओला दुपट्टा बांधायची. फुटके तुकडे खड्ड्यात पुरायची. मी कोंबड्यांच्या खुराड्यासाठी दोन मागितले तर म्हणाली, "देत नाई. तुही पोरं घासत बसतीन त्याले."

"तुकड्याचीही कंजुसी!" मी म्हटलं. ती हसली.

पण मला तुकड्यांचं दुःख नव्हतं. एवढा मिशीवाला भासरा तिचं ऐकायचा, ते मला सलायचं.

माझा नवरा ओसरीवर येऊन सदरा झटकायचा. मीही सांगून पाहिलं, पत्रा भिजवा, नाक बांधा. तो म्हणाला, "मी का दादा आहो, बायकोले भेवाले?" तो कोरडाच कापायचा, म्हणून त्याचं काम लवकर उरकायचं. घरमालक त्याला आधी बोलवायचे. तेवढ्यापुरती माझी मान वर असायची.

म्हातारपण यायच्या आधीच त्याला धाप लागली. चांद्याचा डॉक्टर म्हणाला, छातीत भुकटी बसली आहे, आता निघायची नाही. आडवं होता येईना, बसूनच झोपायचा. जाऊ रोज पेज घेऊन यायची, त्याची पाठ चोळायची. 'सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं. तो गेला. भासरा थोडा खोकायचा, पण शेतापर्यंत पायी जायचा. संध्याकाळी जाऊ माझ्याजवळ बसून त्याची गाऱ्हाणी सांगायची: घोरतो, मीठ जास्त मागतो, ऐकत नाही. मी उठून भांडी घासायला लागायची.

शेवटी भासऱ्याच्या आधी जाऊच गेली. भासरा काठी धरून उशाशी बसला होता. तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. ओटी भरायला सवाशिणींची दाटी झाली. माझ्या कपाळावर कुंकू नाही, म्हणून मला भिंतीकडे सरकवलं. जन्मभर एका चुलीवर रांधलं आम्ही, पण तिला कुंकू लावायचा मान शेजारणीला गेला. कोणी म्हणालं, "रडून घे वो बाई, मोकळं वाटन."

मला रडू आलं नाही. मला तिच्या मरणाचाही हेवा वाटत होता.