ग्वाल्हेरच्या मुलीला दिलेलं उत्तर

आमच्या शाळेच्या स्मरणिकेत माझ्यावर दीड पान आहे. त्यात लिहिलं आहे की मध्यभारत राज्याच्या काळात, मुलांच्या मनाचा फारसा कुणी विचार करत नसताना, मी मुलांना स्वतःकडे पाहायला शिकवलं आणि वर्गात एकट्या पडलेल्या ग्वाल्हेरच्या एका मुलीला मैत्रिणी मिळवून दिल्या. हा मजकूर माझ्याच जुन्या निबंधावरून घेतलेला आहे. मुलगी खरी आहे. तिला मैत्रिणी मिळाल्या हेही खरं आहे. बाकीचं मी खोटं लिहिलं होतं. ते दुरुस्त करणारा आता माझ्याशिवाय कोणी उरलेला नाही.

त्या वर्षांत राज्याची राजधानी दोन गावांत वाटलेली होती. थंडीत ग्वाल्हेर, उन्हाळ्या-पावसाळ्यात इंदूर. दोन दरबार एका राज्यात आले होते आणि कमीपणा घ्यायला कोणीच तयार नव्हतं, म्हणून ही तोड निघाली. सरकार असं फिरलं की फायलींच्या पेट्या फिरत, पेट्यांमागे कारकून, आणि कारकुनांमागे त्यांच्या बायका, पोरं, पाटा-वरवंटा. आमच्या शाळेत अशी पाच-सहा मुलं तरी दर वर्षी येत आणि दिवाळीच्या सुमारास निघून जात. इंदूरची पोरं त्यांना ‘सरकारी’ म्हणत. ‘आले भिया सरकारी’ असं फाटकातच ऐकू येई; इंदुरी बोलण्यात भैयाचं भिया होतं.

मी चोवीस वर्षांचा होतो आणि चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. आमचं घराणं इंदूर दरबारच्या दफ्तरातलं. आजोबांनी तिथे आयुष्य काढलं, वडिलांनीही. दरबार गेला, पण घरात बोलणं त्याचंच असे.

शनिवारी सकाळची शाळा. शेवटच्या तासाला मी वर्गापुढे एक स्टूल मांडत असे. हजेरीच्या क्रमाने एक मूल त्यावर बसे आणि बाकीच्यांनी, एकेकाने, त्याची न आवडणारी एक गोष्ट त्याला तोंडावर सांगायची. बसलेल्याने फक्त ऐकायचं. मला वाटे, आपण दुसऱ्यांना कसे दिसतो हे मुलाला कळलं की ते आपोआप नीट वागू लागेल. कल्पना माझी स्वतःची होती आणि मला तिचा मोठा अभिमान होता. पहिल्या महिन्यात बसले ते सगळे दांडगे मुलगे होते. ते हसले, खाली उतरले, आठवडाभर नीट वागले. मी म्हटलं, जमलं.

ती मुलगी जुलैत आली. नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, बोलणं स्वच्छ आणि भरभर. तिला सगळ्यावर काहीतरी सांगायचं असे. पावसाळ्यात कोणी डब्यात भुट्ट्याचा कीस आणला तर ही म्हणे, “आमच्याकडे तिळगुळाची गजक मिळते. तशी इथं मिळणारच नाही.” तलाव पाहिला तर ग्वाल्हेरचा तलाव मोठा. पाऊस पडला तर ग्वाल्हेरचा पाऊस शहाणा, चिखल करत नाही. पंधरा दिवसांत मुली डबा घेऊन दुसऱ्या ओट्यावर बसायला लागल्या. एकीने तिला ऐकवलंसुद्धा, “इतका तेरा ग्वालियर बढ़िया है तो वहीं रहना था ना! इथे कशाला आलीस?”

“बाबांची बदली झाली,” ती म्हणाली. तिला तो टोमणा कळलाच नव्हता. प्रश्न विचारला, उत्तर दिलं. मग ती त्यांच्या मागोमाग त्या ओट्यावर गेली आणि मुली उठून तिसऱ्या ओट्यावर गेल्या.

तिला मैत्रीण हवी होती. ते कोणालाही दिसत होतं. हाताशी जेमतेम चार महिने होते. तेवढ्यात झालं तर झालं, नाहीतर पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून.

श्रावणात मी वर्गाला राजवाड्यासमोर घेऊन गेलो. सात मजले मोजायला लावले, आजोबा कोणत्या दारातून आत जात ते दाखवलं. मी रंगात आलो होतो. एवढ्यात ती म्हणाली, “गुरुजी, एवढाच? आमच्या किल्ल्यात असे चार मावतील!”

वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मी हसून “असं का!” म्हटलं आणि पुढे सांगत राहिलो. पण परतताना एका मुलाचा पाय माझ्या पायात अडकला, तर त्याच्यावर मी कारण नसताना ओरडलो.

त्या शनिवारी स्टुलावर बसायची पाळी दुसऱ्याची होती. मी हजेरीपट उघडला, आठ नावं ओलांडली आणि तिचं नाव घेतलं. मला राग आला होता. पण तो मी राग म्हणून ओळखला नाही. मुलीला वळण लावायची हीच वेळ आहे, असं मी मनाशी म्हटलं, आणि ते मला अगदी शहाणपणाचं वाटलं.

तिला सोडून वर्गात अडतीस मुलं होती. अडतिसांनी सांगितलं. पहिल्या चार-पाच जणांनी ‘सारखं ग्वाल्हेर ग्वाल्हेर करते’ असं म्हटलं. मग मुलांना चव लागली. ‘हिच्या वेण्या उंदराच्या शेपट्या’. ‘हिच्या डब्याला वास येतो’. ‘नकचढी आहे’. शेवटच्या बाकावरच्या एकाने काही सुचेना म्हणून नुसतं “मला पण नाही आवडत” म्हटलं, आणि वर्ग खो-खो हसला. मी थांबवलं नाही. नियमच तो होता, सगळ्यांनी बोलायचं.

ती रडली नाही. मी तिला विचारलं, “कळलं का आता?” तिने मान हलवली आणि खाली उतरली.

सोमवारपासून तिचं बोलणं बंद झालं. विचारलं तर उत्तर देई, तेवढंच. डबा पाठमोरी बसून खाई. मुलींनी जागा बदलायचं सोडलं, कारण आता ती कोणाच्या मागे जात नव्हती. आणि मी, शिक्षकांच्या खोलीत, चहाच्या कपासमोर बसून सांगितलं की पोरगी सुधारली.

दुसरीचा वर्ग घेणाऱ्या एक बाई होत्या. वयाने माझ्या आईएवढ्या. लहानपणीच वैधव्य आलेलं, मग शिकून शिक्षिका झालेल्या. बोलणं माळवी वळणाचं आणि तिखट. त्या म्हणाल्या, “सुधारली का मिटली, गुरुजी? जरा नीट बघा.”

माझ्या उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत त्या मुलीला पाण्याच्या माठाशी बोलावू लागल्या. माठावर लक्ष ठेवायचं काम बाईंकडेच होतं. मुलगी पेले विसळी, बाई ओगराळ्याने पाणी घालत. माझ्या वर्गाची खिडकी त्या बाजूला होती, म्हणून मला ऐकू येई.

“पोरं काय म्हणाली ते राहू दे बाय,” बाई एकदा म्हणाल्या. “तू बोलत होतीस तेव्हा तुला काय पाहिजे होतं, ते सांग मला.”

मुलीने पुढचा पेला उचलला.

“आत्ता नको. सुचेल तेव्हा सांग.”

तीन दिवस ती नुसती पेले विसळत राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, “मला वाटलं, त्यांना सांगावं की माझ्याकडेपण काहीतरी आहे.”

“मग? ऐकताना त्यांची तोंडं कशी झाली होती?”

“मला नाही माहीत. मी किल्लाच बघत होते.”

बाई हसल्या. “किल्ला कुठे पळून जातोय? इतक्या वर्षांत नाही गेला. एक वाक्य बोलायचं, थांबायचं, समोरच्याचं तोंड बघायचं. आणि मग त्यांच्याकडे काय आहे ते विचारायचं. कर बरं माझ्यावर.”

“बाई, आमच्याकडे गजक असते.” ती थांबली. बाईंनी मुद्दाम तोंड वाकडं केलं. मुलगी फसकन हसली. महिनाभरात मी तिचं हसणं प्रथमच ऐकलं. “तुम्हाला कोणता खाऊ आवडतो?”

“आता कसं! मला कचोरी आवडते, पण दातांना नाही आवडत.”

एवढंच होतं. दुसऱ्यांनी काढलेले दोष बाईंनी तिला पाठ करायला लावले नाहीत. बोलण्याआधी आपल्याला काय हवंय हे तिने ओळखावं आणि बोलल्यावर समोर काय झालं ते पाहावं, या दोन गोष्टी त्या रोज, खेळल्यासारख्या, तिच्याकडून करून घेत. पुढच्या चाळीस वर्षांत मी शेकडो मुलांबरोबर हेच केलं आणि ठामपणे सांगतो, याहून उपयोगी असं मला काही सापडलं नाही. मूल एकटं, सुरक्षित, आणि ज्याला त्याची चेष्टा करायची नाही अशा माणसाजवळ असेल, तरच ते स्वतःकडे पाहतं. अडतीस जणांसमोर ते फक्त जीव वाचवतं.

पितृपक्ष लागला आणि संजा सुरू झाली. माळव्यात या पंधरवड्यात मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाने एकेक आकृती करतात, फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात आणि घरोघर जाऊन गाणी म्हणतात. आमच्या मराठी घरांतल्या मुलीही करत. त्या वर्षी चौथीतल्या मुलींची संजा आमच्याच गल्लीतल्या एका भिंतीवर होती. ती मुलगी रोज येऊन समोरच्या ओट्याशी उभी राही. कोणी बोलावत नव्हतं. हाकलतही नव्हतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी ती पुढे झाली. “आमच्याकडे झांझी असते. मडक्याला भोकं पाडतात आणि आत दिवा ठेवतात.” ती थांबली. आमच्या ओसरीवरून मला तिची पाठ दिसत होती आणि तिच्या पलीकडे मुलींचे चेहरे. “हे चंद्र-सूर्य तुम्ही कसे चिकटवता? पडत नाहीत?”

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. पूर्वी ‘इथे कशाला आलीस?’ विचारणारी मुलगीच म्हणाली, “पडतात ना! काल सूर्य पडला धपकन. हिच्या पायावर!”

“ए, खोटं नको बोलूस! माझ्या फ्रॉकवर!”

“हात घाण करशील का सरकारी?”

“करीन की,” ती म्हणाली आणि बाह्या वर केल्या.

संजाच्या शेवटच्या दिवशी भिंतीवर किल्लाकोट करायचा असतो, मोठा, चारी बाजूंनी तटबंदी असलेला. त्या दिवशी मुलीच तिच्या मागे लागल्या. “तू खरा पाहिलाय ना? मग सांग, बुरूज कुठे घेऊ?” तिने सांगितलं आणि लगेच विचारलं, “तुमचा किल्लाकोट दर वर्षी कसा असतो? तसाच राहू दे थोडा.” तो पूर्ण झाला तेव्हा सहा जणींचे हात कोपरापर्यंत शेणाने माखलेले होते आणि कोणता हात कोणाचा ते कळत नव्हतं.

दसऱ्यानंतर शिक्षकांच्या मेळाव्यात मी निबंध वाचला. त्यात शनिवारचा तास होता, मुलीचा हट्टी स्वभाव होता, तिने शांतपणे दोष ऐकून घेतले असं होतं आणि मग तिला मैत्रिणी मिळाल्या असं होतं. पाण्याचा माठ नव्हता. बाई नव्हत्या. टाळ्या चांगल्या पडल्या. बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. बाहेर पडताना म्हणाल्या, “छान वाचलंत हो. आवाज खणखणीत आहे तुमचा.”

मी पुटपुटलो, की वेळ कमी होता, तुमचा उल्लेख राहिला.

“माझं सोडा. मला काय करायचाय उल्लेख? पण पोरगी महिनाभर मुकी झाली होती ते लिहायला हवं होतं. आता दुसरा कोणीतरी मास्तर हे ऐकून स्टूल मांडील.”

तसंच झालं. माझ्या माहितीतल्या दोन शाळांनी मांडलं. मी स्वतः मांडणं बंद केलं, पण त्यांना कळवलं नाही. कळवलं असतं तर निबंध खोटा ठरला असता. तिथे कोणकोणत्या मुलांना बसवलं गेलं, ते मला माहीत नाही. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते.

दिवाळीच्या आधी पेट्या भरल्या गेल्या. ती शाळेचा दाखला न्यायला आली. बाहेर फाटकाशी तिच्या मैत्रिणी उभ्या होत्या. मी दाखल्यावर सही करत होतो. ती म्हणाली, “गुरुजी, एक विचारू? मला स्टुलावर बसवलं होतंत तेव्हा तुम्हाला काय पाहिजे होतं?”

आवाजात राग नव्हता. बाईंनी शिकवलेला प्रश्न होता आणि तिला उत्तर खरोखर हवं होतं.

“तुझं भलं व्हावं, बाळ,” मी म्हणालो.

ती थांबून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही कागदाकडे बघून बोललात.”

बाहेरून हाक आली, “अगं ए, चल ना! टांगा निघेल!” तिने वाकून नमस्कार केला, दाखला घेतला आणि पळाली.

पुढच्या उन्हाळ्यात ती परत आली, फाटकातून मैत्रिणींनी तिला ओढतच आत नेलं. आणखी सहा महिने ती रोज माझ्या दारावरून गेली. मला कधीही सांगता आलं असतं. मग नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि कारकुनांची फिरती संपली.

मुली, तू आता आजी झाली असशील. तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: मला तुझा राग आला होता. तू नऊ वर्षांची होतीस आणि मी चोवीस. माझ्या आजोबांच्या राजवाड्याला तू लहान म्हणालीस, ते मला सहन झालं नाही. स्वतःच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं काम त्या वर्गात पहिल्यांदा माझं होतं. ते मी केलं नाही, आणि तुला स्टुलावर बसवलं.