कापण्याआधीचा चहा

कापडावर खडूनं रेघा मारून झाल्या की टेलरचाचा कात्री उचलत नसत. चहा प्यायला जात. समोरच्या हॉटेलातून पंधरा मिनिटांनी परत येत, पुन्हा मापं पडताळत, आणि मगच कात्री चालवत. पौडच्या बाजारपेठेत यावरून त्यांची थट्टा चाले. "चाचा, लगीन उद्या हाय, पुढल्या साली न्हाई!" असं कुणी म्हटलं की ते शांतपणे सांगत, "माप धा येळा घेता येतं. कापड येकदाच कापलं जातं."

पन्नासएक वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आमच्या शाळेतल्या मुलींचे गणवेष तेच शिवत. स्कर्टच्या खालच्या घडीत चार बोटं जादा कापड दुमडून ठेवायचे. "पोरी वाढत्यात. उसवायला जागा पायजे." मशीनच्या मागं फळीवर त्यांची बाजाची पेटी असे. एकादशीच्या भजनाला देवळात साथ त्यांचीच. चाचा आल्याशिवाय बुवा तोंड उघडत नसत. सातवीत मी गणवेष आणायला गेले आणि उभ्या उभ्या काहीतरी गुणगुणले. चाचांनी मशीन थांबवलं. तेव्हापासून शाळा सुटली की अर्धा तास मी त्यांच्या दुकानात गायला. त्यांचे पाय मशीनवर आणि कान माझ्याकडे. सूर घसरला की नजर वर न करता म्हणत, "उसव. पुन्यांदा घाल."

नववीत जाताना मुलींना गणित सोडून संगीत घेता येत असे. गणिताचं आणि माझं जुनंच वैर. 'अबक' त्रिकोणाचा सिद्धान्त मला तोंडपाठ. पण परीक्षेत गुरुजींनी त्याचा 'पफब' केला की मी घामाघूम. वडिलांनी बजावून ठेवलं होतं, "नापास झालीस की शाळा बंद." आणि लगेच पुढे, "पर गणित सोडल्याल्या पोरीला नोकरी कोण देतंय?" इकडे आड, तिकडे विहीर. सही मात्र त्यांनी कोऱ्या फॉर्मवरच करून दिली. "तूच ठरीव. मागनं मला बोल लावू नगंस." मुदत शनिवारपर्यंत होती.

मला वाटलं, निदान चाचा तरी खूश होतील. फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. उडू नये म्हणून त्यांनी त्यावर लाकडी पट्टी ठेवली आणि चहाला निघून गेले. मी कापडाच्या ढिगाशेजारी बसून राहिले. ते परत आले ते विचारतच, "गाणं आवडतं म्हून घेतीयास, का गणिताला भ्यालीस म्हून?"

मी पट्टीखालच्या फॉर्मचा कोपरा दुमडत राहिले.

"मंग गणित ठिव. गाणं काय, हितं हायेच. गणित घडीत दुमडून ठिव. वाढलीस की उसवता येईल."

मला रागच आला. ज्यांनी गायला शिकवलं त्यांनीच असं बोलावं? आणि नापास झाले तर? शाळाच सुटली तर ती घडी उसवायची कुणी? फॉर्म ओढून घेतला आणि तशीच घरी आले.

शनिवारी मी फॉर्मवर संगीत लिहिलं. आनंदानं नाही, भीतीनं. तळहात इतका ओला होता की त्या अक्षरांची शाई फुटली. नंतर आठवडाभर मी चाचांचं दुकान टाळून नदीकडच्या बोळानं घरी जात होते. एक दिवस बोळाच्या तोंडाशी तेच उभे, गळ्यात टेप तशीच.

"कापलंस?"

"हो."

"भिऊन?"

"हो," म्हटलं आणि मला रडू फुटलं.

"कापल्यावर रडू न्हाई. म्या बी लई कापडं उलटी कापल्यात. डोक्याला हात लावून बसलो न्हाई. कापलंस न्हवं? आता शीव."

त्या दिवसापासून अर्ध्या तासाचे दोन तास झाले.

मी दहावीत गेले त्याच आठवड्यात चाचा गेले. सकाळी दुकान उघडलं आणि खुर्चीत बसल्या बसल्याच संपले. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर त्यांच्या पत्नी, चाची, दुकान आवरत होत्या. त्यांनी मला हाक मारून सुतळीनं बांधलेलं एक पुडकं हातात दिलं. आत माझ्या नव्या स्कर्टचं निळं कापड होतं. रेघा मारलेलं, कापलेलं, खालची चार बोटं जादा सोडलेलं.

"तुजंच हाय," चाची म्हणाल्या. "कापून ठिवलं व्हतं. शिवायचं राह्यलं."

गणित सोडलं ते बरोबर की चूक, मला आजही सांगता येत नाही. पुढे मी शाळेत संगीत शिकवलं, पुष्कळ मुलींना गातं केलं. तरी माझ्या मुलाच्या वहीतला त्रिकोण दिसला की मी पान उलटून टाकायचे. चाचींनी पुडकं दिलं त्या दिवशी मात्र मी काही विचार केला नाही. चाचांच्या मशीनवर बसले. पाय जमेपर्यंत दोनदा सुई तुटली. शिवण वाकडी गेली, उसवली, पुन्हा घातली, पुन्हा थोडी वाकडी गेली. चाची शेजारी बसून होत्या. वर्षभर मी तोच स्कर्ट घातला, आणि तोच घालून संगीताच्या परीक्षेला गेले.